पोच

दिवाळी आठवड्यावर आली की वारज्यात हमरस्त्यालगतच्या मोबाइलच्या लहानसहान दुकानांत संध्याकाळी गर्दी होऊ लागते. ‘मनी ट्रान्सफर’ अशी पाटी लावलेली ही दुकाने. गिऱ्हाईक म्हणजे सेंटरिंगवाले, रंगारी, फरशीवाले; कोणी बीडचा, कोणी बिहारचा. नोटा मोजून द्यायच्या, गावाकडचा खातेक्रमांक सांगायचा, की दोन मिनिटांत पैसे गावी. ज्यांना मोबाइलवरून पाठवता येतात, त्यांना तर दुकानाचीही गरज उरलेली नाही.

मला मात्र कोकणातली मनीऑर्डर आठवते. १८८० साली सुरू झालेल्या या सोयीची जुनी पद्धत टपालखात्याने २०१५ साली मोडीत काढली. शंभर रुपयांना पाच रुपये हशील पडे. माझे वडील गिरणगावात कामाला आणि आजी कुडाळजवळच्या गावी. पोस्टमन नोटा मोजू लागला की आजी म्हणे, “पैसे रवांदेत रे बाबा. झिलान काय लिवलां हा, ता सांग आदी.” फॉर्मच्या तळाशी मजकुराला चार बोटे जागा असे. तेवढ्यात वडिलांची खुशाली, गाईची चौकशी आणि गणपतीला येण्याचा वायदा, सारे मावे. मग आजीचा अंगठा उमटलेली पोचपावती मुंबईला परत जाई.

त्या पावत्यांचा गठ्ठा वडिलांनी ट्रंकेत जपून ठेवला होता. पैसे तर केव्हाच खर्चून गेले, मग हा कागद कशाला, असे मी शाळकरी वयात त्यांना विचारले. ते एवढेच म्हणाले, “माझ्या आवशीचो हात आसा तो.”

कोकण मनीऑर्डरवर जगते, असे लोक थोड्या कुचेष्टेने म्हणत. पण या वाटेने पैसा एकाच दिशेने जातो, असे थोडेच आहे! १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार थांबला. तेव्हा आमच्या घरून मुंबईला तांदूळ गेला, सोले आणि सुके बांगडे गेले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली, तेव्हा माझ्या वर्गातल्या एका रंगाऱ्याच्या मुलाने मला फोनवर सांगितले, “सर, आजोबांनी बकरी विकली. दोन हजार पाठवले.” दर महिन्याला ज्यांना पैसे जात, त्या म्हाताऱ्याने ते पाठवले होते.

जागतिक बँकेच्या हिशेबाप्रमाणे २०२२ साली परदेशस्थ भारतीयांनी १११ अब्ज डॉलर मायदेशी धाडले. एका वर्षात शंभर अब्जांपलीकडे गेलेला आपला हा पहिलाच देश. आकडा अभिमानाचा खरा. परंतु पाठवणाऱ्याने कोणता सण एकट्याने काढला, कुठल्या खोलीत आठजणांत पाठ टेकली, हे त्यात दिसत नाही. तो स्वतःही ते कळवत नाही. वडिलांच्या त्या चार बोटांत ‘मी खुशाल आहे’ हे शब्द कधी चुकले नाहीत. बोनस हुकलेल्या वर्षीही नाहीत.

आता पैसे पोचल्याचा संदेश मोबाइलवर तत्काळ येतो. पण ती बँकेची पोच. घरची पोच घरानेच द्यावी लागते. यंदा तुमच्या घरी दूरच्या कोणाचे पैसे आले असतील, तर त्याला फोन करा. फराळ काय काय झाला, आकाशकंदील कुठे टांगला, पोरीला परकर-पोलका कसा बसला, ते सविस्तर सांगा. आणि मग त्यालाही विचारा, “तू जेवलास का रे?”