एकाच विद्यापीठातले दोन खेळ

माझी मुलगी अमेरिकेत मेरीलंड राज्यात राहते. तिच्याकडे राहून आले की इथल्या मैत्रिणींचे प्रश्न ठरलेले. भाजीचा भाव काय, धुण्याभांड्याला बाई मिळते का, थंडी सोसवते का. या वेळी मात्र मीच त्यांना लॅक्रोस सांगत बसले. "आता हे काय नवीन?" असं त्या म्हणाल्याच.

नवीन कसला, फार जुना खेळ हो! उत्तर अमेरिकेतल्या मूळच्या रहिवाशांचा. त्यांच्यातले होदेनोशोनी लोक तर त्याला देवानेच दिलेला खेळ मानतात. आपल्याकडे आंबे उतरवायला लांब काठीचा झेला असतो ना? त्याचेच धाकटे भावंड म्हणजे लॅक्रोसची काठी. टणक रबरी चेंडू तिच्या जाळीत झेलायचा, जाळीतच सांभाळत धावायचे आणि समोरच्या गोलात भिरकवायचा.

मुलीच्या घरापासून जवळच, कॉलेज पार्क गावी, मेरीलंड विद्यापीठ आहे. त्याचे मानचिन्ह कासव. ग्रंथालयासमोर त्या कासवाचा ब्राँझचा पुतळा आहे. परीक्षा आल्या की मुले त्याचे नाक चोळून जातात, पुढ्यात खाऊसुद्धा ठेवतात! देवळात शिरताना कासवाला हात लावून पुढे जाणाऱ्या मला हे अगदी घरचे वाटले. या विद्यापीठाचे लॅक्रोसचे दोन संघ आहेत, मुलांचा आणि मुलींचा. आम्ही दोघांचेही सामने पाहिले.

मुलांच्या संघात दहा जण. डोक्याला हेल्मेट, हातात जाडजूड मोजे, खांद्यांना गाद्या. एकमेकांना धडका देणे नियमातच बसते, त्यामुळे आवाज नुसता धाडधाड. मुलींचा सामना पाहायला बसलो, तर मैदानात बारा जणी, डोळ्यांवर संरक्षक चष्मा, दातांत रबरी कवच, आणि बाकी काही नाही! हेल्मेट एकट्या गोल राखणारीला. अंगावर आदळायला बंदी. प्रत्येकीच्या डोक्याभोवती सुमारे ७ इंचांचे एक अदृश्य कडे मानतात. त्यात दुसरीची काठी शिरली की पंचाची शिट्टी वाजलीच. तसबिरीतल्या देवांच्या मागे तेजोवलय असते, तसे काहीसे.

"मुलींसाठी जरा सौम्य करून घेतलेला दिसतोय," आमचे हे म्हणाले.

माझी लेक उसळलीच. "बाबा, उलट आहे!" आणि तिने सांगितले ते ऐकण्यासारखे होते. स्कॉटलंडमधल्या सेंट लेनर्ड्स या मुलींच्या शाळेत १८९० मध्ये हा खेळ सुरू झाला. तिथे शिकलेल्या रोझाबेल सिंक्लेअर यांनी १९२६ मध्ये तो बॉल्टिमोरच्या ब्रिन मॉर शाळेत मुलींना शिकवला. बॉल्टिमोर याच राज्यात. त्या काळी मुलांचे आणि मुलींचे नियम जवळजवळ सारखेच होते, चिलखत कोणालाच नव्हते. पुढे १९३० नंतरच्या दशकात मुलांनी आपला खेळ बदलला, धडका वाढवल्या. मुलींनी जुनी रीत सोडली नाही. म्हणजे सौम्य केला कोणी आणि राकट केला कोणी? यांनी पुढे काही न बोलता कॉफीचा पेला उचलला.

आणि कर्तबगारी म्हणाल, तर राष्ट्रीय विजेतेपदाची स्पर्धा मुलांसाठी १९७१ साली सुरू झाली, त्याच संस्थेची मुलींसाठीची १९८२ साली. शिक्षणात मुलगा-मुलगी भेद करायचा नाही, असा कायदा तिथे १९७२ मध्ये झालेला. मुलींनी उशिरा सुरुवात करूनही २०२५ पर्यंत १४ विजेतेपदे मिळवली. त्यातली सात तर १९९५ पासून २००१ पर्यंत ओळीने! मुलांची चार. २०१७ च्या मे महिन्यात मोठीच मौज झाली. रविवारी मुलींनी बॉस्टन कॉलेजला १६-१३ असे हरवले. त्या मोसमात एकही सामना त्या हरल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी, त्याच मैदानात, मुलांनी ओहायो स्टेटला ९-६ असे हरवून ४२ वर्षांनी विजेतेपद आणले. त्या ४२ वर्षांचे कौतुक मला पुष्कळांनी सांगितले. ओळीने सातचे मात्र मुद्दाम विचारावे लागले.

एवढे असले तरी माझ्या मनात एक गोष्ट खुपते. चेंडू दोघांनाही तोच, तितकाच टणक. मुलींना चष्म्याची सक्ती झाली तीच मुळी २००५ मध्ये. हल्ली मुलींसाठी मऊ शिरकवच मिळते. फ्लोरिडा राज्याने शाळेतल्या मुलींना २०१८ पासून ते सक्तीचे केले. नातीच्या शाळेत मात्र ज्याची त्याची मर्जी. नात नववीत आहे, शाळेच्या संघात खेळते. शिरकवच घातले की मुली बेफिकीर होतील, मग मुलांसारख्या धडका सुरू होतील आणि आमचा खेळच राहणार नाही, असे तिचे म्हणणे. तिथले कितीतरी जाणतेही असेच म्हणतात. मुद्दा खोटा नाही. पण नियम काठीला थांबवील, चुकून उडालेल्या चेंडूला शिट्टी ऐकू येत नाही.

लेकीने ते कवच आणून ठेवले आहे. मायलेकींचा वाद अजून मिटलेला नाही. गेल्या रविवारी फोनवर नातीने विचारले, "आजी, खरं सांग, तू कोणाच्या बाजूनं?"

"तुझ्या आईच्या," मी म्हटले.

तिने मुकाट्याने फोन आईच्या हातात दिला.