कुळीथ आणि गहू

‘सर, आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत.’ या वाक्यात खटकावं असं काहीच नाही. पेनाच्या कंपनीकडून फोनवर बोलणाऱ्या मुलाचा आवाज नम्र होता, त्याला घाई नव्हती, आणि शब्द दिल्याप्रमाणे त्यानं पेन बदलूनही दिलं. तरी ते वाक्य डोक्यातून जात नाही. आधीच्या पेनाच्या निबेत नेमकं काय बिघडलं होतं, एवढंच मी विचारलं होतं. त्यावर तो पुन्हा एकदा दिलगीर झाला.

त्यावरून एक म्हण आठवली: बोलणाऱ्याचे कुळीथ विकतात, न बोलणाऱ्याचे गहू विकत नाहीत. कुणी कुळिथाच्या जागी एरंड्या म्हणतं, पण रोख तोच. ही म्हण पहिल्यांदा कुणाच्या तोंडून निघाली असेल, हा विचार गेले काही दिवस पाठ सोडत नाही. बाजार उठल्यावर गव्हाचं पोतं तसंच बैलगाडीत टाकून घरी निघालेला शेतकरी बोलला असेल, तर ती तक्रार आहे. कुळीथ विकून पोतं झटकणारा बोलला असेल, तर तो सल्ला आहे. आपण पोराबाळांना ऐकवतो ती सल्ला म्हणूनच. पण घरी जाऊन पिशवी उघडल्यावर एखादं गिऱ्हाईक हे बोललं असेल तर? गव्हाला गेलो होतो आणि आणले कुळीथ, असं. मग तिसराच अर्थ निघतो, आणि तो अर्थ कोशात कुणी देत नाही.

शिवाय म्हणीत कुळिथाला उगाच कमी लेखलं आहे. आमच्या रहाटणीत आता गहूही पिकत नाही आणि कुळीथही नाही. पवनेच्या काठची शेतं सोसायट्यांखाली गेली. पण कारखान्यांच्या ओढीनं इथे सगळा महाराष्ट्र येऊन राहिला आहे, त्यामुळे कुळीथ खाणारी माणसं भरपूर आहेत. शेजारच्या कोकणातल्या वहिनींकडे पिठलं होतं ते कुळथाचंच. वरच्या मजल्यावरच्या आजी जुन्नरकडच्या. त्या कुळिथाला हुलगे म्हणतात, थंडीत शेंगोळे करतात आणि पावसात कुणी शिंकलं की माडगं पाठवतात. कोकणात भात कापून झाला की जमिनीत उरलेल्या ओलीवर कुळीथ येतो. देशावर मुरमाड, हलकं रान त्याला पुरतं. पाटाचं पाणी लागत नाही, खताची हाक नाही. जिथे दुसरं काही येणार नाही तिथे हा येतो, माणसांना पोसतो आणि भरडून शिजवला की बैलांनाही.

म्हणजे कुळीथवाला बोलतो तो लबाड म्हणून नव्हे. त्याच्या पोत्याकडे आपणहून कुणी येत नाही, म्हणून त्याला हाक घालावी लागते. गहूवाल्याला गप्प राहणं परवडतं. त्याच्याकडे काळी जमीन आहे, विहिरीला पाणी आहे. आज नाही विकला गेला तर पुढच्या बाजारी जाईल. पाणी असलेल्या माणसाला गप्प बसता येतं, हे एकदा दिसल्यावर मला त्या म्हणीकडे पूर्वीसारखं बघता येईना.

आणि तो फोनवरचा मुलगाही वेगळा दिसू लागला. हिंजवडीच्या वाटेवर राहत असल्यामुळे आमच्या इमारतीतही अशी मुलंमुली आहेत. एका फ्लॅटमध्ये चारपाच जण राहतात, रात्री कंपनीची गाडी येते, सकाळी ती जिन्यावर डोळे चोळत भेटतात. तो मुलगाही त्यांच्यासारखाच असणार. त्याच्या हातात पेन नव्हतं. ते त्यानं कधी पाहिलंही नसेल. निबेच्या दोन पात्यांपैकी एक केसभर वर उचललेली होती की टोक जास्त घासलं गेल्यामुळे शाई कागदाला टेकत नव्हती, हे त्याला कुठून कळणार? परत गेलेलं पेन कुठल्या गोदामात पडेल, हेही त्याला कुणी सांगत नसणार. त्याच्याकडे द्यायला होतं ते फक्त बोलणं, आणि ते त्यानं मनापासून दिलं. हलक्या रानातलं पीक तेवढंच होतं.

नुसतं बोलणं जिथे चालत नाही अशा ठिकाणी, भोसरीत एका वर्कशॉपच्या क्वालिटी खात्यात, मी नोकरी केली. या पट्ट्यात तळेगाव-चाकणपासून पिंपरीपर्यंत जवळजवळ प्रत्येक माणूस दिवसा कुणाचा तरी पुरवठादार असतो आणि कुणाचं तरी गिऱ्हाईक. मोठ्या कंपनीतून ‘कस्टमर कम्प्लेंट’ आली की आमच्याकडे दिलगिरीला फारसा अर्थ नसे. तिथे लागायचा आठ पायऱ्यांचा एट-डी रिपोर्ट. ही पद्धत फोर्ड कंपनीनं 1987 साली लिहून काढली, आणि आज गल्लीतल्या चार मशिनच्या शॉपलाही ती ठाऊक असते. आधी माणसं नेमा, बिघाड नीट शब्दांत मांडा, खराब माल पुढे जाण्याआधी अडवा, मग मुळाशी जा. मुळाशी जायला टोयोटावाल्यांचे पाच ‘का’. बुशचा व्यास का वाढला? टूल झिजलं होतं. का झिजलं? बदलायची वेळ टळली. का टळली? असं करत खाली उतरायचं. आठव्या पायरीवर, सगळं झाल्यावर, काम करणाऱ्यांचे आभार मानायचे. क्षमा मागण्यासाठी वेगळी पायरी नाही. रुक्ष वाटतं, पण त्या कागदातून गिऱ्हाईकाला मान मिळायचा, कारण त्याच्या ‘का’ला उत्तर असायचं.

घरच्या खरेदीत मात्र हा ‘का’ कुणी आपल्याला देत नाही. ऑनलाइन विक्रीचे 2020 चे नियम सांगतात की तक्रारीची पोच 48 तासांत द्यावी आणि महिन्याभरात निवारण करावं. चांगला नियम आहे. पुण्यात 1974 साली बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली तेव्हा साध्या गिऱ्हाईकाला एवढंही उत्तर कायद्यानं मिळत नव्हतं. पण निवारण म्हणजे बदली माल किंवा पैसे परत. पेनात काय बिघडलं होतं ते कळणं, हे त्यात येत नाही.

इथे मला पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातलं एक छोटं दुकान आठवतं. गल्ल्यावरचे काका क्वचितच बोलत. गिऱ्हाईकानं पेन मागितलं की काचेवर कागदाचं पॅड ठेवत, दौत उघडत आणि बाजूला होत. तुम्ही लिहायचं; ते हाताकडे बघत, कागदाकडे नाही. निब खरखरली तर भिंग डोळ्याला लावून, अंगठ्याच्या नखानं एक पाती किंचित दाबून ती दुसऱ्या पातीच्या रेषेत आणत. शाई अडखळली तर निब आणि खालची जीभ ओढून काढत, धुवून पुन्हा बसवत. पैसे घेत नसत, आणि काय केलं तेही सांगत नसत. सांगायची गरजच नव्हती, कारण सगळं डोळ्यांदेखत झालेलं असे. एकदा मी अगदी बारीक निबेचं जपानी पेन मागितलं. जपान्यांची बारीक निब युरोपातल्या बारीक निबेपेक्षाही एक पायरी बारीक असते. काका म्हणाले, “साहेब, चाळिशी लागली ना? मीडियम घ्या.” आणि ते बारीक पेन परत कपाटात ठेवलं.

त्यांच्या या वाक्यानं पुढे मला दासबोध उघडायला लावला. एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे, आणि तो वाचताना वाटतं की समर्थांनी कुठल्या तरी कागदशाईच्या दुकानात दिवस काढले असावेत. अक्षर वाटोळं आणि मोकळं असावं, शाई काळी असावी, ओळींत अंतर राखावं. ग्रंथाचं पहिलं अक्षर आणि शेवटचं अक्षर एकाच लेखणीनं लिहिल्यासारखं दिसावं. आणि तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते कामाला येत नाही, मध्यम लिहावं. काकांनी तो समास वाचला होता की नव्हता, कोण जाणे. पण पहिल्यापासून शेवटच्या अक्षरापर्यंत एकसारखेपणा हवा, ही मागणी मला क्वालिटी खात्यातली वाटते. आणि बारीक अक्षराबद्दल समर्थ कारण देऊन थांबतात. म्हातारपणी कामाला येत नाही, हे कारण. दिलगिरी नाही, उपदेशाचा फुगारा नाही.

इथवर आलो तेव्हा वाटलं, उत्तर मिळालं. काकांचं गप्प राहणं खरं, फोनवरचं बोलणं पोकळ. पण ते टिकत नाही. काकांना गप्प राहता येत होतं, कारण त्यांच्याकडे दुकान होतं, भिंग होतं, दौत होती, समोर माणूस होता. ते गहूवाले होते. आणि त्यांच्याकडे जाता येत होतं ते पुण्यात किंवा आसपास राहणाऱ्यांनाच. शेवगावच्या किंवा उमरग्याच्या माणसाला बारीक निब आणि मध्यम निब यांतला फरक कुणी दाखवला असता? आता दुकान त्यांचा मुलगा बघतो. तो खूप बोलतो. निबेचे फोटो काढून पाठवतो, लिहून दाखवल्याचा व्हिडिओ पाठवतो, रात्री साडेदहालाही उत्तर देतो, देशभर पार्सलं धाडतो. बॉलपेनांच्या लाटेनंतरही शाईचं पेन विकत घेणारी तरुण मुलं दिसतात, ती अशा बोलणाऱ्यांमुळेच. मुलगा वडिलांसारखा गप्प राहिला असता तर त्या दुकानात आज मोबाइलची कव्हरं लागली असती.

बोलण्याचं महत्त्व शाईच्या धंद्याला नवं नाही. दांडेकर बंधूंनी 1931 साली मुंबईत घोडाछाप शाईची पूड काढली. पुढे त्यांचा कॅमल आणि मग कॅम्लिन घरोघरी पोचला. तेव्हा गव्हाच्या जागी विलायती शाई होती. देशी पूड पाण्यात कालवून वापरून बघा, असं कुणाला तरी दुकानादुकानांत सांगावंच लागलं असणार. 2011 मध्ये जपानच्या कोकुयोनं त्या कंपनीचा मोठा हिस्सा विकत घेतला. कालचा कुळीथ असा गहू होतो. मग त्याला बोलायची गरज उरते का, आणि उरली नाही तर त्याच्या वतीनं फोन कोण उचलतं?

म्हणीत एक माणूस कमी आहे, हे आता लक्षात येतं. विकणारे दोघं आहेत, एक बोलका आणि एक मुका. विकत घेणारा मात्र कुठेच तोंड उघडत नाही. तो गव्हाचा दाणा दाताखाली धरून बघत नाही, कुळीथ कुठल्या रानातला ते विचारत नाही. मी विचारलं, आणि ज्याला विचारलं त्याच्याकडे उत्तर असणं शक्यच नव्हतं. ज्याच्याकडे असेल तो कुठे बसतो, मला माहीत नाही. आणि तो मुलगा मला तिथवर नेऊ शकला असता तर त्यानं नक्की नेलं असतं, असंही वाटतं. नवं पेन छान लिहितं. हा मजकूर त्यानंच लिहिला. पण पहिल्या निबेत काय होतं ते मला अजून हवं आहे, आणि ते मागणं हा गिऱ्हाईकाचा हक्क आहे की भोसरीतून सोबत आलेली नुसती सवय, हे मात्र लिहायला बसलो तेव्हापेक्षा आता मला कमी कळतं.