यॉर्क : वृक्ष, वराह आणि नाव

इंग्लंडच्या उत्तरेतील यॉर्क या नगराच्या नावाचा ‘मूळ अर्थ’ कोणता, असा प्रश्न वर्गात निघाला की मला किंचित अस्वस्थता वाटते. उत्तरे अनेक आहेत, आणि त्यांतील सर्वांत जुने तेच खरे, हे प्रश्नामागील गृहीत मला मान्य नाही.

इसवी सन 71 च्या सुमारास रोमनांनी येथे लष्करी तळ वसविला आणि स्थानिक केल्टिक नाव लॅटिन वळणाने ‘एबोराकुम’ असे लिहिले. ‘यू’ या सदाहरित वृक्षांचे स्थान, असा त्याचा अर्थ सामान्यतः स्वीकारला जातो. कोणा एका पुरुषाच्या नावाशीही काहींनी त्याचा संबंध जोडला आहे. मागाहून आलेल्या अँग्लो-सॅक्सनांना हा शब्द परका होता. त्यांच्या भाषेत ‘एओफोर’ म्हणजे रानडुक्कर, ‘विच’ म्हणजे वस्ती. अनोळखी ध्वनीत त्यांनी ओळखीचा प्राणी पाहिला आणि वृक्षाच्या जागी वराह आला. 866 मध्ये डेन लोकांनी नगर जिंकले. त्यांच्या मुखी ते ‘योर्विक’ झाले. ‘विक’ म्हणजे त्यांची खाडी. ऊझ आणि फॉस नद्यांच्या संगमावरील या नगराला खाडी कोठली! ‘योर’ तर त्यांच्याकडे घोड्यालाही म्हणत.

भाषाशास्त्र याला लोकव्युत्पत्ती म्हणून बाजूस सारते. मला मात्र यात अनुवादाचे एक आद्य रूप दिसते. अर्थात हा अनुवाद निरागस नव्हे. ज्यांनी वृक्षावरून नाव ठेवले, त्यांची भाषा त्या प्रदेशातून नाहीशी झाली; उरला तो नाद. माझ्या आडनावातील ‘कर’मागे कोकणातले एक खेडे उभे आहे, परप्रांतातील माझे विद्यार्थी त्यात कधी हात पाहतात, कधी सरकारी सारा. मी दुरुस्ती करतो, परंतु आता पूर्वीइतक्या आवेशाने नव्हे.

1664 मध्ये इंग्रजांनी न्यू ॲम्स्टरडॅम घेतले आणि ड्यूक ऑफ यॉर्कच्या सन्मानार्थ त्याचे न्यू यॉर्क केले. तेथे ना वृक्ष पोहोचला, ना वराह. पोहोचली ती केवळ एक पदवी.

खुद्द यॉर्कमध्ये डेन भाषेची खूण अशी की तेथे रस्त्याला ‘गेट’ म्हणतात; वेशीला मात्र ‘बार’. आणि तेथील आर्चबिशप आजही आपल्या नावापुढे स्वाक्षरीत ‘एबोर’ असेच लिहितात.