कुठल्या मुठीत?

चौथ्या वेळी तो डावीकडे झेपावला. आधी तीनदा उजवीकडे, आणि चौथ्यांदा डावीकडे. गेले काही दिवस ही गोष्ट माझा पिच्छा सोडत नाही. रात्री दिवा मालवला की मी मनातल्या मनात पुन्हा मोजायला लागतो: उजवी, उजवी, उजवी, डावी.

7 मे 1986, स्पेनमधलं सेव्हिल. फुटबॉलच्या युरोपियन चषकाचा अंतिम सामना बार्सिलोना आणि स्टेआवा बुखारेस्ट यांच्यात होता. स्टेआवा म्हणजे रोमानियाच्या लष्कराचा क्लब. मैदान स्पेनचं, त्यामुळे बहुतेक सगळे प्रेक्षक बार्सिलोनाचे. सामन्याबद्दल सांगावं असं फारसं काही नाही. एकशेवीस मिनिटांत एकही गोल झाला नाही. स्टेआवाकडून अंगेल योर्दानेस्कू नावाचा 36 वर्षांचा माणूस बदली खेळाडू म्हणून उतरला. तो त्या संघाचा सहप्रशिक्षक होता. हे एवढंच मला त्या एकशेवीस मिनिटांतलं जवळचं वाटतं.

मग पेनल्टी. स्टेआवाच्या माझारूने मारली, ती बार्सिलोनाच्या उरुतीने अडवली. बार्सिलोनाच्या अलेक्सांकोची हेल्मुथ डुकाडामने उजवीकडे झेपावून अडवली. मग बोलोनीची उरुतीने अडवली आणि पेद्रासाची डुकाडामने, पुन्हा उजवीकडे. पहिल्या चारही वाया. त्यानंतर लाकातुशने एकदाचा चेंडू जाळ्यात धाडला. बार्सिलोनाकडून पिची आलोन्सो आला. उपांत्य फेरीत गोथेनबर्गविरुद्ध पहिला सामना 3-0 असा हरल्यावर याच माणसाने परतीच्या सामन्यात तीन गोल करून बार्सिलोनाला इथवर आणलं होतं. त्याचीही अडवली, तिसऱ्यांदा उजवीकडे. बालिंटने स्टेआवाचा दुसरा गोल केला. आणि मग मार्कोस चेंडूपाशी आला.

मार्कोसने काय विचार केला असेल? हा गोलरक्षक सारखा आपल्या उजवीकडे पडतोय, तेव्हा दुसऱ्या बाजूला मारावं. आणि डुकाडामने? त्याने पुढे मुलाखतींमधून सांगितलं की तो मारणाऱ्याच्या मनात शिरून बघत होता. पण मनात शिरण्याला शेवट कुठे असतो? मला काय वाटतं ते त्याला ठाऊक, ते त्याला ठाऊक आहे हे मला ठाऊक... असं उतरत गेलं तर माणूस तळाला कधी पोचणारच नाही. अकरा मीटरवरून आलेला चेंडू अर्ध्या सेकंदात जाळ्यात असतो. तेवढ्यात तो डावीकडे गेला आणि चेंडूही डावीकडेच आला. चारपैकी चार. पूर्व युरोपातल्या साम्यवादी देशातला क्लब पहिल्यांदाच हा चषक घेऊन गेला.

आमच्याकडे कोल्हापुरात याला मूठ ओळखणं म्हणत.

चिंचोका एका मुठीत लपवायचा, दोन्ही मुठी पुढे करायच्या आणि विचारायचं, 'कुठल्या मुठीत?' शिवाजी पेठेतल्या आमच्या घराच्या सोप्यात आबा, म्हणजे माझे आजोबा, दिवेलागणीला बसत, आणि आम्ही चारपाच नातवंडं त्यांना हा एकच प्रश्न विचारून विचारून हैराण करत असू. आबा टपाल खात्यात होते. उभा जन्म पत्रांवर शिक्के मारून त्यांचा उजवा हात डाव्याहून जाड झाला होता. ते शाहू स्टेडियमवर पेठांच्या सामन्यांना नेमाने जात. पेनल्टी मिळाली की उठून पाठ फिरवत, गलक्यावरूनच काय झालं ते ओळखत आणि मग वळत.

या खेळात एक गोष्ट मी फार लवकर शिकलो. रिकामी मूठ जास्त घट्ट आवळली जाते. चिंचोका असलेल्या मुठीला आधार असतो. बोटं त्याच्याभोवती निवांत वळतात. रिकाम्या मुठीला मात्र सोंग आणावं लागतं, त्यामुळे बोटांचे सांधे पांढरे पडतात. त्या पांढऱ्या सांध्यांवरून मी माझ्या भावंडांना दहातून आठ वेळा तरी ओळखायचो.

आणि इथे मला आपली म्हण अडते. झाकली मूठ सव्वा लाखाची. मुळात नुसत्या लाखाची का नाही, सव्वा लाखाची का? सव्वा हा आपल्याकडे शुभाचा आकडा. देवापुढे सव्वा रुपया ठेवायचा, नवस सव्वा शेराचा बोलायचा. वरचा पाव म्हणजे माणसाच्या हिशेबापलीकडचं काहीतरी. तेव्हा ही म्हण नुसती लपवाछपवीची नसावी. मुठीत काय आहे ते कुणालाच ठाऊक नाही तोवर तिच्यात हिशेबापलीकडचं काहीतरी मावतं, असं तिला म्हणायचं असेल. पण ती वापरतात कशी? आईच्या तोंडी ती नेहमी घरातली अडचण झाकायला येई. पाहुण्यांदेखत पैशांचं बोलू नका, झाकली मूठ. म्हणजे मूठ रिकामी आहे हे गृहीतच धरलेलं. मुठीत खरोखर काही असताना ही म्हण वापरलेली मी ऐकलेली नाही. भरलेल्या मुठीसाठी आपल्याकडे म्हण का नसावी? की भरलेली मूठ झाकायची गरजच पडत नाही, ती आपसूक उघडते?

डुकाडामची उघडली. तेव्हा तो 27 वर्षांचा होता. एका रात्रीत चार वेळा उघडली आणि त्यात काय होतं ते सगळ्या युरोपाने पाहिलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याच्या उजव्या हाताच्या रक्तवाहिनीत गाठ झाली. शस्त्रक्रिया झाली, आणि पुढची काही वर्षं तो मैदानावर दिसला नाही. स्टेआवासाठी तो पुन्हा खेळलाच नाही. मग अरादच्या एका छोट्या क्लबातून थोडा खेळला, आणि संपलं.

उजवा हात. ज्या बाजूला तो तीनदा पडला ती बाजू. याचा त्याच्याशी संबंध लावू नये हे मला कळतं. तरी मन तिथेच जाऊन बसतं.

रोमानियात तर लोकांनी कथाच रचली. स्पेनच्या राजाने त्याला मोटार भेट दिली, हुकूमशहा चाउशेस्कूच्या मुलाला ती हवी होती, याने दिली नाही म्हणून त्याचे हात मोडले, अशी. डुकाडामने हे वारंवार नाकारलं. आजार होता, बाकी काही नाही, असं तो सांगत राहिला. पण राजवट बंद मुठीची. तिच्यात काय आहे हे कुणाला दिसत नव्हतं, म्हणून काहीही असू शकत होतं. लोकांना साधी गाठ पटेना. मला त्या लोकांना नावं ठेववत नाहीत. चार पेनल्टी अडवलेले हात कारणाशिवाय जातात, हे मान्य करण्यापेक्षा कुणीतरी ते मोडले हे मानणं सोपं आहे.

त्याच वर्षी जूनमध्ये आमच्या गल्लीतल्या एकुलत्या एका टीव्हीपुढे आम्ही मेक्सिकोचा विश्वचषक पाहिला. 22 जूनला मॅराडोनाने इंग्लंडविरुद्ध उडी मारली आणि डोक्याशेजारच्या डाव्या मुठीने चेंडू आत ढकलला. ती मूठ पंचांना दिसली नाही. ती खरी झाकली मूठ. सेव्हिलबद्दल तेव्हा आम्हाला कुणालाच काही ठाऊक नव्हतं. गल्ली मॅराडोनाच्या नावाने नाचत होती. आबा मात्र त्या गर्दीत नव्हते. त्यांच्या उजव्या अंगावरून त्याआधीच्या पावसाळ्यात वारं गेलं होतं.

उजवा हात आवळून बसला होता. बोटं आत वळलेली, अंगठा त्यांच्याखाली दाबलेला. आजी रोज सकाळी कोमट पाण्यात एकेक बोट सोडवायची, तळवा पुसायची, नखं रुतू नयेत म्हणून सुती कापडाची गुंडाळी ठेवायची. सोडलं की मूठ पुन्हा हळूहळू मिटायची. हाताला स्पर्श कळत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. मी रोज ते पाहत असे. त्या मुठीत काहीतरी आहे आणि आबा ते द्यायला तयार नाहीत, असं मला वाटायचं. नऊदहा वर्षांचा होतो मी, अगदीच अजाण नव्हतो. तरी वाटायचं.

आजार होण्याआधी आबा आमच्याशी नेहमी हरत. चिंचोका उजव्या मुठीत असेल तर डावी सांगत, डाव्या मुठीत असेल तर उजवी. मोठेपणी मी ठरवून टाकलं की ते मुद्दाम हरत, आमच्या आनंदासाठी. परवा काकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, 'छे, आबांना कधी ओळखताच यायचं नाही. पत्त्यातही तसंच. मनात काय आलं ते लगेच सांगून मोकळे व्हायचे.' दोनपैकी एक निवडायचं, आणि सदोदित चुकायचं? निव्वळ अंदाजाने सांगणारा माणूसही निम्म्या वेळा बरोबर येतो. नेहमी चुकायलाही कळावं लागतं. काकांना मी हे बोललो नाही.

डुकाडाम 2 डिसेंबर 2024 ला गेला, 65 व्या वर्षी. बातम्यांमध्ये ती एकच रात्र होती.

आणि मला आठवते ती एक संध्याकाळ. माझ्या धाकट्या बहिणीने आबांच्या मिटलेल्या उजव्या मुठीतली कापडाची गुंडाळी अलगद ओढून काढली आणि तिच्या जागी चिंचोका सरकवला. आबा तेव्हा खिडकीबाहेर बघत होते. मग तिने त्यांच्या डाव्या हाताचीही बोटं मिटली, दोन्ही मुठी त्यांच्या मांडीवर शेजारीशेजारी ठेवल्या आणि विचारलं, 'सांगा आबा, कुठल्या मुठीत?' आई तिला ओरडायला पुढे आली, पण आजीने हाताने थांबवलं. आबांनी दोन्ही मुठींकडे बराच वेळ पाहिलं. दोन्ही त्यांच्याच होत्या. मग त्यांनी डावी मूठ थोडी वर उचलली, उघडली, आणि ती रिकामी बघून हसले.