ग्रामसभेत बोलणारा मी, दवाखान्यात गप्प होतो

पोस्ट मोठी आहे, पण वेळ काढून वाचा. रस्ते, पीकविमा, खारं पाणी यावर तुम्ही माझं नेहमी वाचता. आज घरातलं लिहितोय. बायकोला विचारूनच लिहितोय. ती म्हणाली, "लिहा. कोनाच्या तरी कामी पडन."

लग्नाला तेरा वर्षं झाली, मूल नाही. गंडेदोरे झाले, नवस झाले, गजानन महाराजांच्या पायी वाऱ्या झाल्या. पहिली काही वर्षं तपासण्या फक्त तिच्याच होत होत्या. माझी साधी वीर्यतपासणी व्हायला सहा वर्षं लागली, कारण मी टाळत होतो. दोष निघाला तो दोघांमध्ये थोडा थोडा. तोवर गावानं तिला बोलून घेतलं होतं.

तीन वर्षांपूर्वी अकोल्याला टेस्ट ट्यूबचा उपचार सुरू केला. तेव्हा तिचं वय 35. इंजेक्शनं झाली, बीजं काढली, तीन भ्रूण तयार झाले. डॉक्टरांनी ते गोठवून ठेवले आणि दोन महिन्यांनी त्यातला एक गर्भाशयात सोडला. चौदा दिवस ती खाटेवरून उठली नाही. संडासलाही भीत भीत जायची. पंधराव्या दिवशी रक्ताची तपासणी केली. रिपोर्ट निगेटिव्ह.

दोन लाखांच्या वर खर्च झाला होता. मी गुपचूप अर्ध्या एकराला गिऱ्हाईक पाहायला लागलो. पुन्हा सगळं पहिल्यापासून करावं लागेल असंच धरून चाललो होतो. एका रात्री बायकोनं दवाखान्याची फाइल समोर टाकली. "हे वाचलं का? आपले दोन अजून बाकी हायेत. तुमी साऱ्याइले प्रश्न इचारता, डॉक्टरले कायले नाही इचारत?"

ग्रामसभेत मी नालीच्या बिलाची प्रत मागतो, ग्रामसेवकाला घाम फोडतो. आणि स्वतःच्या घरच्या गोष्टीत एक कागद वाचला नव्हता. बीजं पुन्हा काढायची गरजच नव्हती. जमीन विकायचीही नव्हती. मग मी बातमीदारासारखा कामाला लागलो. वाचलं, डॉक्टरांना विचारलं. जे पक्कं कळलं तेवढंच सांगतो.

पहिली गोष्ट. भ्रूण उणे 196 अंश तापमानाच्या द्रव नायट्रोजनमध्ये राहतो. तिथं त्याचं वय वाढत नाही. बीजं 35व्या वर्षी काढली असतील आणि ट्रान्सफर 38व्या वर्षी झाला, तरी भ्रूण 35चाच. यशाचा सगळ्यात मोठा हिशेब या वयावर असतो. म्हणून जे जोडपं "पाहू पुढच्या वर्षी" म्हणत बसलंय, त्यानं तपासणी तरी आज करावी. आणि ज्यांचे भ्रूण गोठवलेले आहेत, त्यांनी एका अपयशानं घाबरून शेत विकू नये. कायद्यानं भ्रूण दहा वर्षांपर्यंत ठेवता येतात. किती आहेत, कितव्या दिवसाचे आहेत, दर्जा काय, हे लेखी मागून घ्या.

दुसरी गोष्ट वेळेची. गर्भाशयाचं अस्तर भ्रूणाला ठरावीक दिवशीच स्वीकारतं. पाळी नियमित असेल तर बीज फुटण्याचा दिवस पाहून ट्रान्सफर करता येतो. दुसरी पद्धत गोळ्यांची. आधी इस्ट्रोजेन देऊन अस्तर वाढवतात, सोनोग्राफीत ते साधारण सात मिलिमीटर किंवा जास्त झालं की प्रोजेस्टेरॉन सुरू होतं, आणि पाच दिवसांचा भ्रूण असेल तर प्रोजेस्टेरॉनचे पाच दिवस झाल्यावर सोडतात. या गोळ्यांच्या पद्धतीत शरीर स्वतःचं प्रोजेस्टेरॉन बनवत नाही. जे काही आहे ते बाहेरूनच. ते बंद झालं तर गर्भ टिकत नाही, म्हणून गर्भ राहिला तर दहा-बारा आठवडे ते चालू ठेवावं लागतं.

हे वाचलं आणि माझा घास अडकला. पहिल्या वेळी ट्रान्सफरनंतर आठव्या दिवशी आमच्या गोळ्या संपल्या होत्या. गावातल्या मेडिकलवर मिळाल्या नाहीत. मी जिल्हा परिषदेच्या एका बातमीत अडकलो होतो. खामगावहून गोळ्या आणेपर्यंत दोन दिवस गेले. त्यामुळंच अपयश आलं का? डॉक्टर म्हणाले, तसं सांगता येत नाही. पण ते दोन दिवस मी विसरू शकत नाही. म्हणून सगळ्यात कामाची गोष्ट सांगतो : घरी निघण्याआधी पूर्ण कोर्स विकत घ्या, सोबत दोन-चार दिवसांचा जास्तीचा. मोबाइलवर अलार्म लावा. पुण्या-मुंबईच्या माणसाला कोपऱ्यावर मेडिकल आहे, आपल्याला एसटी आहे.

तिसरी गोष्ट, आराम. ट्रान्सफरनंतर अंथरुणावर पडून राहिल्यानं गर्भ राहण्याची शक्यता वाढत नाही, हे अभ्यासांत दिसलंय. जड ओझं आणि वावरातली मेहनत टाळावी, पण चालणं-फिरणं, घरातली हलकी कामं चालतात. भ्रूण खाली पडत नाही. आमच्या घरात चौदा दिवस जी दहशत होती, ती उगाचच होती.

चौथी गोष्ट, जास्तीच्या तपासण्या. एकदा फेल झालं की माणूस काहीही करायला तयार होतो. अस्तरावर ओरखडा काढण्याची एक पद्धत आहे. 2019 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये तेराशेहून जास्त बायांवरचा अभ्यास छापून आला. ओरखडा काढलेल्या आणि न काढलेल्या, दोन्हीकडे मूल होण्याचं प्रमाण सारखंच, 26 टक्के. अस्तराचा तुकडा तपासून ट्रान्सफरची वेळ ठरवणारी एक महागडी चाचणी आहे. 2022 मध्ये जामा या नियतकालिकात तिचा अभ्यास आला. चाचणीप्रमाणे वेळ बदललेल्यांत 58.5 टक्के, न बदललेल्यांत 61.9 टक्के. म्हणजे फायदा दिसला नाही. एखाद्या पेशंटला डॉक्टर कारण देऊन चाचणी सांगू शकतात, ते ऐकावं. पण "यानं माझी शक्यता किती वाढते?" हा प्रश्न विचारायला लाजू नका. आम्ही विचारला. डॉक्टर हसले, म्हणाले, तुम्हाला गरज नाही. त्याऐवजी तिची थायरॉइड आणि शुगर तपासली. थायरॉइड वाढलेलं निघालं. गोळी सुरू झाली, ती फार स्वस्त आहे.

दोन भ्रूण एकदम सोडा, असा हट्टही करू नका. जुळं राहिलं तर बाळं अपुऱ्या दिवसांची होण्याचा धोका वाढतो, आणि तशा बाळांसाठीची काचपेटी आपल्यापासून किती लांब आहे ते तुम्हाला माहीत आहे.

आता सरकारकडे वळतो. 6 ऑगस्ट 1986 ला मुंबईत महापालिकेच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून हर्षा चावडा जन्मली. त्याच्याही आधी, 3 ऑक्टोबर 1978 ला, कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखोपाध्यायांनी गोठवलेल्या भ्रूणातून मुलगी जन्माला घातली. सरकारी नोकरीतला हा माणूस. त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही, चौकशी बसवली, आणि 1981 मध्ये त्यांनी आत्महत्या केली. ज्या देशात सरकारी डॉक्टरांनी हे इतक्या आधी करून दाखवलं, तिथं आज संग्रामपूर तालुक्यातल्या शेतकऱ्याला खासगीशिवाय रस्ता नाही. आयुष्मान भारतमध्ये वंध्यत्वाचा उपचार बसत नाही. गोव्यानं 2023 मध्ये बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात मोफत सोय सुरू केली. मग विदर्भात का नाही? निदान ग्रामीण रुग्णालयात प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या आणि थायरॉइडची तपासणी तरी मिळावी. ही मागणी मी आमदार साहेबांकडे लेखी देणार आहे. ज्यांना सही करायची असेल त्यांनी कळवा. नाव छापणार नाही.

दवाखाना निवडताना 2021 च्या एआरटी कायद्याखाली नोंदणी आहे का ते पाहा. नोंदणीचं प्रमाणपत्र दाखवा म्हणा. मुलगा की मुलगी हे निवडून देतो म्हणणारा भेटला, तर तिथून उठा. तो गुन्हा आहे.

आमचं काय झालं ते सांगतो. दुसरा ट्रान्सफर झाला. गोळी एकही चुकली नाही. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. सातव्या आठवड्यात सोनोग्राफीत ठोके दिसले नाहीत. सगळं बरोबर करूनही असं होतं. त्यात तिची चूक नाही, कोणाचीच नाही. हे मला मोठ्यानं सांगावंसं वाटलं, कारण दुसऱ्या दिवशी दारात येऊन एकीनं तिलाच विचारलं, "काय उचललं व बाई?"

एक भ्रूण बाकी आहे. पुढच्या महिन्यात तारीख आहे. यावेळी प्रश्नांची वही तिनं स्वतः लिहिलीय. गोळ्या मी आधीच आणून ठेवल्यात.

ज्यांच्या घरात हे चाललंय, त्यांनी कमेंटमध्ये लिहू नका, मला इनबॉक्समध्ये लिहा. आणि बाकीच्यांनी एवढंच करा : लग्नकार्यात कोणाला "गोड बातमी कधी?" असं विचारू नका.