विमानाजवळ की कामाजवळ?

प्रवासी विमान चालवणाऱ्या वैमानिकाला आपलं शेवटचं उड्डाण जास्तीत जास्त कधीपर्यंत होईल, हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने २००६ साली वयाची मर्यादा ६० वरून ६५ वर नेली. अमेरिकेत ती ६७ करण्याचा प्रस्ताव २०२३ मध्ये प्रतिनिधिगृहाने संमत केला, पण २०२४ च्या अंतिम कायद्यात तो टिकला नाही. शिवाय पासष्टीपर्यंत पोहोचणं सगळ्यांच्याच नशिबी नसतं. क्लास वन मेडिकलमध्ये, म्हणजे वैमानिकांच्या सक्तीच्या वैद्यकीय तपासणीत, हृदयाचा किंवा दृष्टीचा दोष निघाला, की हजारो तासांचा अनुभव गाठीशी असूनही कॉकपिटचं दार बंद होतं. कधी वैमानिक ठणठणीत असतो आणि कंपनीच आडवी होते. किंगफिशर ऑक्टोबर २०१२ मध्ये जमिनीवर आली, जेट एअरवेजचं शेवटचं उड्डाण १७ एप्रिल २०१९ ला झालं आणि मे २०२३ मध्ये गो फर्स्ट थांबली. अशा वळणावरच्या माणसाने पुढचं काम कसं निवडावं, हा व्यवसाय समुपदेशक म्हणून माझ्या अभ्यासाचा विषय आहे. त्याबद्दल माझं एक ठाम मत आहे. नवं काम विमानाच्या किती जवळ आहे, हे पाहून निवडू नये. आपण ज्या पद्धतीने काम करायला शिकलो, त्या पद्धतीची गरज कुठे आहे, हे पाहून निवडावं.

उडणं थांबलं की पहिला विचार विमानतळाच्या आसपासचाच येतो. सिम्युलेटरवर प्रशिक्षक व्हावं, ग्राउंड स्कूलमध्ये शिकवावं, विमान कंपनीच्या ऑपरेशन्स किंवा सेफ्टी विभागात बसावं, विमान वाहतुकीची नियामक संस्था असलेल्या डीजीसीएमध्ये उड्डाण निरीक्षक व्हावं. ही सगळी कामं मोलाची आहेत आणि ज्याला शिकवण्याची खरी आवड आहे त्याने ती जरूर करावीत. पण केवळ ‘निदान विमानांत तरी राहीन’ म्हणून ती पत्करली, तर दोन गोष्टी नजरेआड होतात. एक म्हणजे विमानाजवळच्या नोकऱ्या विमानाबरोबरच बुडतात. २५ मार्च २०२० पासून दोन महिने देशांतर्गत प्रवासी उड्डाणं बंद राहिली, तेव्हा वैमानिकाइतकीच प्रशिक्षकाची आणि ऑपरेशन्सवाल्याचीही मिळकत धोक्यात आली. ज्या संकटाने पहिली नोकरी नेली, तेच संकट दुसरीच्याही दाराशी उभं असतं. दुसरी गोष्ट, काम बाहेरून सारखं दिसलं तरी आतून वेगळं असू शकतं. स्वतः विमान उतरवण्यात ज्याला समाधान होतं, त्याला दुसऱ्याच्या मागे बसून त्याच्या चुका टिपण्यात ते मिळेलच असं नाही. ड्रोनच्या क्षेत्राकडेही अनेकांचे डोळे लागलेले असतात, पण २०२१ च्या ड्रोन नियमांनी तिथल्या पायलट प्रमाणपत्रासाठीही ६५ हीच वरची वयोमर्यादा घातली. वयामुळे उतरलेल्याला ती वाटही मोकळी नाही.

म्हणून आधी वैमानिकाचं काम सुटं करून पाहायला हवं. आधुनिक विमानात बराच वेळ ऑटोपायलटच विमान सांभाळतो. वैमानिकाचं कसब दिसतं ते उतरण्याआधीच्या ब्रीफिंगमध्ये. कोणती धावपट्टी, वारा कुठून, ठरलेल्या उंचीवर धावपट्टी दिसली नाही तर काय करायचं, पुन्हा वर जायचं तर इंधन किती वेळ पुरेल, पर्यायी विमानतळ कोणता, हे सगळं घाईची वेळ येण्याआधी मोठ्याने बोलून ठरवलेलं असतं. एकजण विमान चालवतो, दुसरा नजर ठेवतो आणि काही चुकताना दिसलं तर हुद्दा न पाहता बोलतो. चेकलिस्ट पाठ असली तरी वाचूनच म्हटली जाते. पंचवीस वर्षं नोकरी झालेला कॅप्टनही दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये इंजिन बंद पडल्याची परीक्षा देतो. इतक्या ज्येष्ठपणी इतक्या वेळा स्वतःला तपासू देणारे व्यवसाय फार थोडे आहेत.

ही शिस्त अपघातांनी शिकवली. १९३५ मध्ये बोइंगचं एक नवं बॉम्बर विमान ओहायोतल्या राइट फील्डवर कोसळलं, कारण उड्डाणापूर्वी नियंत्रण-पृष्ठांचं कुलूप काढायचं राहून गेलं होतं. कॉकपिटमधल्या लेखी चेकलिस्टचा प्रसार त्यानंतर झाला. २८ डिसेंबर १९७८ ला युनायटेडचं एक डीसी-८ पोर्टलंडवर तासभर घिरट्या घालत राहिलं. चाकांचा दिवा लागत नव्हता आणि कॅप्टनचं सगळं लक्ष तिथे खिळलं होतं. इंधन संपत चालल्याचं सहकाऱ्यांना कळत होतं, पण त्यांनी ते कॅप्टनला अडवण्याइतक्या ठामपणे सांगितलं नाही. विमान पडलं आणि १८९ पैकी १० जण गेले. पुढच्याच वर्षी नासाने या विषयावर कार्यशाळा घेतली आणि त्यातून क्रू रिसोर्स मॅनेजमेंटचं, म्हणजे एकमेकांचं ऐकत काम करण्याचं प्रशिक्षण जगभर पसरलं. संकटाआधी निर्णय घेणं, कनिष्ठाला बोलू देणं आणि ते ऐकणं, चूक लपवण्याऐवजी नोंदवणं आणि स्वतःला पुन्हा पुन्हा तपासू देणं, ही वैमानिकाची खरी कमाई आहे. लॉगबुकातल्या तासांची किंमत विमान कंपनीच्या बाहेर कोणी करत नाही, या कमाईची मात्र करतात.

याचा सर्वांत चांगला पुरावा रुग्णालयांत सापडतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी चेकलिस्ट आणली, ती तयार करताना विमान क्षेत्राचा अनुभव समोर होता. दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं. ब्रिटनमधले वैमानिक मार्टिन ब्रोमिली यांच्या पत्नीचा २००५ मध्ये साध्या शस्त्रक्रियेच्या वेळी मृत्यू झाला. श्वासमार्ग मिळत नसताना डॉक्टर एकाच उपायात अडकले होते आणि परिचारिकांना धोका दिसत असूनही त्यांचा आवाज पुरेसा पोहोचला नाही. ब्रोमिलींना त्यात कॉकपिटची जुनी ओळखीची चूक दिसली. त्यांनी २००७ मध्ये मानवी घटकांचा अभ्यास रुग्णालयांत नेणारा गट उभा केला. रुग्णालयांची गुणवत्ता व सुरक्षा, तळोजा-तारापूर-लोटेसारख्या रासायनिक पट्ट्यांतल्या कारखान्यांचे आपत्कालीन सराव आणि दुर्घटनांची चौकशी, वीज केंद्रांच्या नियंत्रण कक्षांचं प्रशिक्षण, रुग्णवाहिकांचं नियंत्रण, अशा प्रत्येक ठिकाणी चूक महाग पडते आणि माणसं गटाने काम करतात. तिथे ही पद्धत हवी आहे.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप मानसशास्त्राचा आहे. कौशल्य एका क्षेत्रातून दुसऱ्यात इतक्या सहजी जात नाही. चेस आणि सायमन यांनी १९७३ मध्ये दाखवलं, की खऱ्या डावातली मांडणी क्षणभर पाहून आठवणारा बुद्धिबळपटू, सोंगट्या वाटेल तशा मांडल्या की जवळपास नवशिक्याइतकाच चुकतो. चेकलिस्टचंही तसंच झालं. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात १०१ रुग्णालयांनी ती सक्तीने लागू केली आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मृत्यूंच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. हा आक्षेप मला मान्य आहे आणि माझ्या म्हणण्यात तो बसतोही. कागद उचलून दुसरीकडे नेता येतो, पण तो कागद वाचताना कनिष्ठाने वरिष्ठाला थांबवण्याची सवय आपोआप जात नाही. ती रुजवायला तिच्यात वाढलेला माणूस लागतो आणि त्या माणसाला नव्या क्षेत्राचं बारीकसारीक कळावं लागतं. म्हणून वैमानिकाने पहिल्याच दिवशी सल्लागाराची पाटी लावू नये. वर्ष-दोन वर्षं उमेदवारी करावी, शस्त्रक्रियागृहात किंवा कंट्रोल रूममध्ये गप्प उभं राहून काम कसं चालतं ते पाहावं, तिथल्या लोकांची भाषा शिकावी आणि मग बोलावं. कॅप्टनपदाची सवय झालेल्याला हे जड जाईल, पण फर्स्ट ऑफिसर म्हणून त्याने हेच केलेलं असतं.

दुसरा आक्षेप पैशाचा आणि पदवीचा. एअरलाइनच्या कॅप्टनचा पगार नव्या क्षेत्रात सुरुवातीला मिळणार नाही, हे खरं आहे. आपल्याकडे भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन बारावी केल्यावर २०० तासांच्या उड्डाणावर कमर्शियल पायलट लायसन्स मिळतं, त्यामुळे अनेक अनुभवी वैमानिकांकडे पदवीच नसते आणि विमान क्षेत्राबाहेरचा पहिला अर्ज तिथेच अडतो. दोन्ही अडचणींचं उत्तर वेळेत आहे. पगार चालू असतानाच नव्या कामाचा खर्च बाजूला काढावा. इग्नू किंवा नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून नोकरी सांभाळून पदवी घ्यावी, आणि आवडीच्या क्षेत्रात सुटीच्या दिवशी थोडंथोडं काम करून पाहावं. हर्मिनिया इबारा यांनी करिअर बदलणाऱ्यांच्या अभ्यासातून हेच मांडलं, की माणूस विचार करून नवी ओळख शोधत नाही, छोट्या प्रयोगांतून ती घडवत जातो. उड्डाण तात्पुरतं थांबलेल्यांचा हिशोब मात्र वेगळा आहे. मेडिकल परत मिळण्याची शक्यता असेल किंवा दुसऱ्या कंपनीत जागा मिळणार असेल, तर लायसन्स आणि चेक चालू ठेवायला वेळ देईल असंच काम त्यांनी मधल्या काळासाठी धरावं.

हे सगळं वैमानिकाच्या एकट्याच्या हाती नाही. वैमानिक येणार म्हटल्यावर रुग्णालय किंवा कारखाना ‘याला आमच्यातलं काय कळतं’ असं विचारतो. तो प्रश्न रास्त आहे, पण त्या वैमानिकाकडून शिकण्यासारखं काय आहे, हेही त्यांनी विचारावं. आणि जे वैमानिक आज उडत आहेत, त्यांना माझी विनंती आहे, की पुढच्या मेडिकलची वाट न पाहता आपल्या कामाची ही फोड आत्ताच कागदावर करा. निर्णय संकटाआधी घ्यायचा असतो, हे तुम्हीच जगाला शिकवलं आहे. तो नियम स्वतःच्या आयुष्यालाही लावा.