हवापालट

आजार उतरला तरी अंगात बळ येण्यास अवकाश लागतो. हे जाणूनच व्यापारी घराण्यांतील वडीलधारी मंडळी हवापालटासाठी देवळालीस जात. तेथे अनेक समाजांनी सॅनिटोरियमे उभारली. १९४९ च्या कायद्याने शुश्रूषागृहांची नोंदणी व तपासणी स्थानिक यंत्रणेकडे सोपविली. २०२१ च्या सुधारित नियमांनी रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागी लावणे बंधनकारक केले. मात्र ही देखरेख शुश्रूषागृहाच्या उंबरठ्याशी संपते. इंग्लंडमध्ये १९४८ नंतर स्थानिक आरोग्य खाती आजारातून उठलेल्यांना विश्रांतीसाठीही पाठवीत. येथे शेठजी देवळालीस जातात, तर त्यांच्या पेढीवरील हमाल टाके निघताच पाठीवर पोते घेतो. त्याला पंधरा दिवसांची पगारी विश्रांती द्यावी. तो खर्च धर्मादायात नव्हे, मजुरीच्या खात्यात मांडणेच न्याय्य होय.